वाचकांचे प्रश्न: बाहेर बसणाऱ्याची हजेरी कोण देणार?

प्रश्न: नमस्कार सर, मी चिकोडी भागातल्या एका साखर कारखान्यात कॉन्ट्रॅक्टवर आहे. सीझन संपला की मळीच्या टाक्या धुवायचं काम आमच्याकडं येतं. यंदा आदल्या दिवशी पाणी मारून ठेवलेलं, सकाळी सुपरवायझरनं गॅसचं मीटर धरलं तर ऑक्सिजन 20.1 आला, म्हणाला 19.5 च्या वर आहे, उतरा की. आत गेल्यावर मला धाप लागली, डोकं जड झालं म्हणून वर आलो तर बाकीचे हसायला लागले. खाली कुजक्या अंड्यासारखा वास पण येत होता, थोड्या वेळानं गेला. वास गेला म्हणजे गॅस गेला ना? आणि मामा म्हणतोय कंदील सोडून बघत जा, विझला नाही तर बिनधास्त उतर. – एक वाचक, चिकोडी तालुका

उत्तर: वर आलात ते बेस केलंत भाऊ, हसणाऱ्यांना हसू द्या.

आधी ते 20.1 बघू. साध्या हवेत ऑक्सिजन 20.9 टक्के असतो आणि 19.5 च्या खाली गेला की उतरायचं नाही एवढं सगळ्यांना पाठ असतंय, पण 20.9 चं 20.1 का झालं हे कोण विचारत नाही. आत शिरणारा गॅस नुसत्या ऑक्सिजनला ढकलत नाही, सगळ्याच हवेला बाजूला सारतो, त्यामुळं ऑक्सिजन 0.8 नं उतरायचा तर दुसरा गॅस जवळजवळ 4 टक्के भरावा लागतो. आणि मळीच्या टाकीत तो कुठला असणार? मळी घट्ट असते तोवर आंबत नाही, पण धुवायला म्हणून पाणी मारून रात्रभर तशीच सोडली की पातळ होऊन आंबायला लागते आणि कार्बन डायऑक्साइड सुटतो, हवेच्या दीडपट जड, वास नाही, तळाला जाऊन बसतो. 4 टक्के म्हणजे 40,000 पीपीएम (हवेच्या दहा लाख भागांत एवढे भाग), अमेरिकेतली कामगारांच्या सुरक्षेवर संशोधन करणारी नायोश संस्था एवढ्या प्रमाणाला जिवाला तात्काळ धोका म्हणते. धाप लागणं, डोकं जड होणं ही त्याचीच लक्षणं. कारखान्यात सर्रास असतंय ते चार गॅसचं मीटर ऑक्सिजन, पेट घेणारे गॅस, कार्बन मोनॉक्साइड आणि हायड्रोजन सल्फाइड दाखवतं, कार्बन डायऑक्साइडचा सेन्सर त्यात बहुतेक नसतोच. तेव्हा मळीच्या नाहीतर डिस्टिलरीच्या टाकीत उतरायचं असेल तर तो सेन्सर असलेलं मीटर मागायचं, आणि ऑक्सिजन 20.9 वरून थोडा जरी हलला तरी कारण सापडेपर्यंत उतरायचं नाही.

आता वासाचं. कुजक्या अंड्याचा वास म्हणजे हायड्रोजन सल्फाइड, आणि तो 100 पीपीएमच्या आसपास गेला की नाकच बधिर होतं, वास कळायचा बंद होतो. तुम्हाला वाटतं हवा साफ झाली, तिकडं तो वाढतच असतो. 700-1000 च्या घरात माणूस एकदोन श्वासात कोसळतो. गाळ ढवळला की अजून सुटतो, म्हणून सकाळचं एक रीडिंग दिवसभर चालत नाही, मीटर छातीला अडकवून काम करायचं.

मामांचा कंदील घरी ठेवा. ज्योत विझते ती ऑक्सिजन 16-17 टक्क्यांवर आल्यावर, हायड्रोजन सल्फाइड तिला कळतच नाही, आणि आत मिथेन असला तर त्याच कंदिलानं भडका उडायचा.

बाकी, टाकीला येणाऱ्या लाइनला नुसता व्हॉल्व्ह बंद करून भागत नाही, ब्लाइंड, म्हणजे पाइपच्या जोडात बसवायची आंधळी लोखंडी चकती, टाकायला सांगा. ब्लोअरचा, म्हणजे ताजी हवा आत मारणाऱ्या पंख्याचा, पाइप तळापर्यंत सोडा. मीटरनं वर, मध्ये, तळाला अशा तिन्ही ठिकाणी बघा. ताजी हवा म्हणून ऑक्सिजनचा सिलेंडर आत सोडणारे महाभाग असतात, तसं अजिबात करू नका, ऑक्सिजन वाढला की एका ठिणगीनं अंगावरचे कपडे पेटतात. तोंडाला ओला पंचा बांधून काही उपयोग नाही. आतला हातदिवा 24 व्होल्टचाच पाहिजे. आणि परमिट, म्हणजे टाकीत उतरायचा लेखी परवाना! आपल्याकडं फॉर्म इंग्लिशमध्ये, पाटी कन्नडमध्ये आणि उतरणारा मराठी नाहीतर हिंदीवाला, मग सही कशावर करतोय हेच माहीत नसतं. आधी आमच्या भाषेत वाचून दाखवा म्हणायचं, मग सही.

प्रश्न: सर, परमिटवर बाहेर एक माणूस लागतोच म्हणतात. तीन माणसं आत असताना चौथा नुसता बसवून त्याची हजेरी कोण देणार? त्याला बाहेर दुसरं किरकोळ काम लावलं तर चालतंय काय? – एक ठेकेदार, संकेश्वर

उत्तर: चालत नाही. हजेरी तुम्हीच देणार, म्हणून रेट भरतानाच ती धरायची.

1948 च्या फॅक्टरी अ‍ॅक्टाच्या कलम 36 मध्येच हे लिहिलं होतं (नोव्हेंबर 2025 पासून त्या कायद्याच्या जागी नवा लेबर कोड आलाय). एक तर जाणकार माणसानं स्वतः तपासून लेखी सर्टिफिकेट द्यायचं, नाहीतर उतरणाऱ्यानं श्वासाचं उपकरण आणि दोर लावलेला बेल्ट घालायचा आणि दोराचं टोक बाहेरच्या माणसाच्या हातात. शहाणा माणूस दोन्ही करतो. त्या बाहेरच्याला काम नाही असं तुम्हाला कोण सांगितलं? आत कोण कोण गेलं ते लिहायचं, सारखं बोलत राहायचं, ब्लोअर बंद पडला की सगळ्यांना वर बोलवायचं, कोण पडला तर ट्रायपॉडवरच्या (मॅनहोलवर उभ्या केलेल्या तिवईवरच्या) दोर गुंडाळायच्या विंचनं ओढायचं आणि स्वतः काही झालं तरी आत जायचं नाही. आपल्याकडं त्यालाच चहा आणायला पाठवतात!

नायोशनं 1986 मध्येच सांगितलं होतं की अशा जागेत मरणाऱ्यांत 60 टक्क्यांहून जास्त वाचवायला गेलेले असतात. तुमच्या टोळीत बहुतेक एकाच भावकीतली पोरं असणार, खाली भाऊ पडला की वरचा भाऊ विचार करत नाही, उडी टाकतो. त्यामुळं बाहेर सख्खा भाऊ, मेव्हणा बसवू नका, ज्याला विंच चालवायचं ट्रेनिंग दिलंय आणि जो मॅनहोलपासून हलणार नाही असा बसवा. दोर कमरेला नको, खांद्या-मांड्यांना पट्टे येतात त्या फुल बॉडी हार्नेसला, नाहीतर अरुंद मॅनहोलमधून बेशुद्ध माणूस आडवा होऊन अडकतो.

प्रश्न: आमचे सासरे विहिरीतल्या टप्प्यावर डिझेल इंजिन ठेवून पाणी ओढतात आणि मध्येच बघायला उतरतात. कारखान्यासारखा धोका इथं पण असतो काय? – एक वाचक, खानापूर

उत्तर: असतो ताई, तेवढाच. इंजिनाच्या धुरात कार्बन मोनॉक्साइड असतो, त्याला वास नाही आणि खोल विहिरीत तो साचून राहतो. इंजिन खाली न्यायचं कारण मला कळतंय, वरून पंप 7-8 मीटरच्या खालचं पाणी ओढत नाही, पण त्याला इलेक्ट्रिक सबमर्सिबल हाच उपाय. तो बसेपर्यंत इंजिन चालू असताना उतरायचं नाही, आणि बंद केल्यावर पण लगेच नाही. कोण खाली पडलेला दिसला तर मागोमाग कुणाला उतरू देऊ नका, 112 ला फोन करा आणि विहिरीत गॅस आहे हे पहिल्याच वाक्यात सांगा, म्हणजे फायर ब्रिगेडवाले सिलेंडरचे मास्क घेऊन निघतील.