विमान अपघातांची चौकशी: शिरायचं कुठून?

पेडण्याहून एका वडिलांनी विचारलंय: मुलगी बारावी सायन्सला आहे, गणित-फिजिक्स चांगलं आहे. विमान का पडलं हे शोधायचं काम करीन म्हणते. असा कोर्स असतो का? आणि दोषी पकडायचं काम तिला झेपेल का?

दुसरा प्रश्न आधी घेते, कारण तिथे गैरसमज आहे. ही चौकशी दोषी पकडण्यासाठी नसते. आंतरराष्ट्रीय नियमांनुसार तिचा हेतू एकच, तसा अपघात पुन्हा होऊ नये. शिक्षा हा पोलीस आणि कोर्टाचा विषय.

एक उदाहरण घ्या. 25 जानेवारी 1990 रोजी आवियांका कंपनीचं बोइंग 707 न्यूयॉर्कजवळ टेकडीवर कोसळलं. 158 पैकी 73 माणसं गेली. पण आग लागली नाही, म्हणजे टाक्या कोरड्या असणार, ही शंका लगेच येते. खरं काम तिथून पुढे. खराब हवामानामुळे विमानाला सव्वा तासाहून जास्त वेळ हवेत घिरट्या घालाव्या लागल्या होत्या. इंधन संपत आल्याचं वैमानिकांनी जमिनीवरच्या हवाई वाहतूक कंट्रोलला सांगितलं, प्राधान्यही मागितलं, पण इमर्जन्सी जाहीर केली नाही. उड्डाणाच्या नोंदी ठेवणारा डेटा रेकॉर्डर चालू नव्हता. मग तपास उभा राहिला तो कॉकपिटमधलं आणि कंट्रोलशी झालेलं बोलणं, हवामानाच्या नोंदी आणि इंधनाचा हिशोब यांवर. यंत्राइतकीच माणसंही समजून घ्यावी लागतात. मला हे काम फार मोलाचं वाटतं.

बारावीनंतर थेट तपासनीस होता येत नाही. आधी विमानक्षेत्रात मुरावं लागतं. फार्मागुडीच्या सरकारी इंजिनिअरिंग कॉलेजात मेकॅनिकल करता येईल, किंवा गोव्याबाहेर एरोनॉटिकल. विमान देखभालीचा, म्हणजे एएमईचा कोर्स हीही चांगली वाट, पण फी भरण्याआधी त्या संस्थेला डीजीसीएची, म्हणजे नागरी विमान वाहतुकीवर देखरेख ठेवणाऱ्या केंद्रीय खात्याची मान्यता आहे का, हे स्वतः तपासा. एजंटच्या शब्दावर जाऊ नका. मोपा विमानतळ तुमच्याच तालुक्यात आहे, पण नोकरीची सुरुवात बहुधा बाहेरच करावी लागेल, याची घरात तयारी ठेवा. देशातले मोठे अपघात दिल्लीचा विमान अपघात अन्वेषण ब्युरो तपासतो. तिथे अनुभवी माणसं लागतात.

परीक्षा झाली की तिला ब्युरोचा 2020च्या कोझिकोड विमान अपघातावरचा अहवाल वाचायला द्या. इंग्रजीत आहे, लांबलचक आहे, तक्ते भरपूर आहेत. तो नेटाने वाचून ती प्रश्न विचारू लागली, तर ते प्रश्न मला जरूर पाठवा.