रेग्युलेटरी टी पेशी मोजून काय कळतं?

प्रश्न : दहा वर्षांच्या भाचीला टाइप १ मधुमेह आहे. तिच्या रेग्युलेटरी टी पेशी मोजाव्यात का? इम्युनिटी वाढवणारं चूर्ण द्यावं का?

उत्तर : मोजून तिचे उपचार बदलणार नाहीत. टी पेशी म्हणजे रोगांशी लढणाऱ्या पांढऱ्या पेशी; त्यातल्या सीडी४ प्रकारच्या पेशींपैकी साधारण ५ ते १० टक्के रेग्युलेटरी, म्हणजे लगाम घालणाऱ्या असतात. आपल्याच अवयवांवर उठलेल्या टी पेशींना त्या आवरतात. टी पेशींच्या वाढीला लागणारं इंटरल्यूकिन-२ हे प्रथिन शोषून घेऊन त्या हल्लेखोरांची उपासमारही करतात. टाइप १ मधुमेहात टी पेशी इन्सुलिन बनवणाऱ्या पेशींवर हल्ला करतात, तरी रक्तातली रेग्युलेटरी पेशींची संख्या बहुतेकदा ठीक असते. त्यांचं काम बिघडतं, किंवा हल्लेखोर पेशी त्यांना जुमानत नाहीत.

अपवाद आयपेक्स या दुर्मीळ आनुवंशिक आजाराचा. त्यात रेग्युलेटरी पेशींना लागणारं फॉक्सपी३ जनुक बिघडतं आणि मुलग्यांना तान्हेपणीच चिवट जुलाब, एक्झिमा, मधुमेह होतो. तिथे जनुकचाचणी तातडीने हवी, कारण अस्थिमज्जा प्रत्यारोपणाने बाळ वाचू शकतं.

चूर्ण अजिबात नको. त्याने रेग्युलेटरी पेशी वाढतात याला पुरावा नाही. त्याच्या भरवशावर इन्सुलिन कमी केलं तर कीटोअ‍ॅसिडोसिस (रक्तात आम्ल साचणं) होऊन जीव धोक्यात येतो. त्या पैशांत थायरॉइडच्या आजारासाठी टीएसएच आणि सीलिअ‍ॅकसाठी (गव्हातलं ग्लुटेन न सोसण्याचा आजार) टीटीजी-आयजीए या रक्तचाचण्या करा. हे आजार टाइप १सोबत बरेचदा येतात.