काकांच्या वहीतली ११ सेंटर

दारू सोडवायचा सल्ला विचारायला माझ्याकडे येणाऱ्या दहातल्या आठ घरांचा पहिला प्रश्न ठरलेला, "मॅडम, गुजरातमधलं सगळ्यात चांगलं व्यसनमुक्ती सेंटर कुठलं ते सांगा, पैशांचं आम्ही बघून घेऊ." मी लगेच नाव सांगत नाही. त्यावरून लोक थोडे चिडतात पण, की एवढे लांबून आलो आणि ही बाई साधं नाव सांगेना. का सांगत नाही ते या एका काकांच्या केसमध्ये येईलच. (नावं, नोकऱ्या सगळं बदललंय, बडोद्याचा दांडिया बाजार तेवढा ठेवलाय, तिथे एवढी मराठी घरं आहेत की कोणाला काही पत्ता लागायचा नाही.)

काका बँकेतून रिटायर झालेले. खुर्चीत बसले आणि पिशवीतून एक लांबट वही काढली, घडी घातलेल्या रुमालात गुंडाळलेली. आत पट्टीने आखलेले रकाने. अहमदाबादची ४ सेंटर, बडोद्याची ३, सुरतची २, राजकोटचं १ आणि पुण्याचं १, एकूण ११. वर हेडिंगं: खोली, एसी, जेवण, किती दिवस, महिन्याचे पैसे, आणि शेवटचं 'गॅरंटी'. प्रत्येक रकान्याला १० पैकी मार्क, शेवटी लाल पेनाने ६० पैकी टोटल. पहिला नंबर ४७ वाला. म्हणाले गणपतीत सुरू केलं हे, आणि माझ्याकडे आले तेव्हा होळी होऊन गेली होती.

मी म्हटलं काका कमाल आहे तुमची, आणि मनापासून म्हटलं, कारण बहुतेक लोक नेटवर पहिला जो नंबर दिसेल तो फिरवतात आणि तो नंबर बऱ्याचदा सेंटरचा नसतोच, मधल्या एजंटचा असतो, ज्याला पेशंटमागे कमिशन मिळतं. मग विचारलं, मुलाला, समीरला, दाखवली ही वही? काका माझ्याकडे असं बघायला लागले की जणू मी विचारलं तिजोरीची किल्ली चोराला दाखवली का.

समीर ३६ वर्षांचा, मकरपुऱ्याला एका कारखान्यात शिफ्ट ड्युटी, लग्न मोडलेलं. रोज पितो. सकाळी चहाचा कप दोन्ही हातांनी धरावा लागतो. आता बाहेरचे लोक म्हणतात गुजरातमध्ये तर १९६० पासून दारूबंदी, मग तिथे कुठून आली दारू, तर बडोद्यात कोणालाही विचारा, हसेल. बंदी आहे म्हणून घरपोच मिळते, एवढंच. महिनाअखेरीला पैसे संपले की समीर पोटलीवर, म्हणजे पिशवीतल्या गावठी दारूवर यायचा, आणि २०२२ च्या बोटादच्या लठ्ठाकांडानंतर, विषारी दारूने माणसं मेली त्यानंतर, काकांची त्या पोटलीच्या नावानेच झोप उडायची.

बोलता बोलता काकू हळूच म्हणाल्या, "श्रावणात त्याने आपण होऊन बंद केली होती हो. दुसऱ्या रात्री मिरगी आली." काका म्हणाले ती गोष्ट वेगळी, ती मिरगी होती, डोक्याचे फोटो काढले, नॉर्मल आले.

मी पेन खाली ठेवलं. कारण ती गोष्ट वेगळी नव्हती, तीच गोष्ट होती, आणि आखलेल्या सहा रकान्यांत तिला कुठेच जागा नव्हती.

हे नीट सांगते कारण घरोघर याच ठिकाणी चूक होते. रोज भरपूर पिणाऱ्या माणसाने एकदम बंद केली की ६ ते २४ तासांत थरथर, घाम, उलट्या, झोप नाही असं सुरू होतं. पहिल्या दोन दिवसांत फिट येऊ शकते, आधी कधी मिरगी नसली तरी. आणि साधारण दुसऱ्या ते चौथ्या दिवसात काही जणांना भ्रम होतो, भिंतीवर किडे दिसतात, माणसं ओळखत नाहीत, ताप चढतो, आणि यात माणूस जाऊ शकतो. दारू सोडताना माणूस मरू शकतो हे लोकांना सांगितलं तर विश्वास बसत नाही, त्यांना वाटतं सोडली म्हणजे सगळं चांगलंच होणार. म्हणून हे पहिले दिवस डॉक्टरच्या देखरेखीत जायला हवेत, झटके आणि थरथर आवरणारी औषधं हळूहळू कमी करत देतात, आणि व्हिटॅमिन बी-वन म्हणजे थायमिन देतात, तेही ग्लुकोज चढवायच्या आधी, नाहीतर मेंदूला इजा होऊ शकते. एकदा फिट आलेली असेल तर पुढच्या वेळी यायची शक्यता जास्त. म्हणजे काकांच्या यादीत एसीच्या आधी प्रश्न हा होता की रात्री दोन वाजता तिथे कोण असतं.

म्हटलं चला, आत्ताच विचारू. ४७ मार्कवाल्याला माझ्या फोनवरून स्पीकर लावून फोन केला. गोड बोलणारा माणूस होता. मी विचारलं, पेशंटला मागे दारू सोडताना फिट आली होती, तुमच्याकडे रात्री डॉक्टर असतो का? तर म्हणे, "बेन, अमारे त्यां फिट आवती ज नथी." (आमच्याकडे फिट येतच नाही.) काका माझ्याकडे बघून मान डोलावतात की बघा किती चांगलं सेंटर! मग मी म्हटलं पेशंट यायला तयार नाही. "एनी चिंता ना करो, गाडी मोकलीशुं, चार जणा आवशे, ऊंघमांथी ज उठावी लेशे. तमारे खाली दरवाजो खोलवानो." म्हणजे गाडी पाठवतो, चार जण येऊन झोपेतूनच उचलतील, तुम्ही फक्त दार उघडायचं. काकांनी मान डोलवायची थांबवली. काकूंनी पदर तोंडाला लावला.

असं झोपेतून उचलून नेणं कायद्यात बसत नाही. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्यात दारू-ड्रग्जच्या वापरातून होणारे त्रास मानसिक आजारातच धरलेत, त्यामुळे असे पेशंट ठेवून उपचार करणाऱ्या जागेला राज्याच्या मानसिक आरोग्य प्राधिकरणाकडे नोंदणी लागते. माणूस स्वतःच्या इच्छेने दाखल झाला असेल तर तो डिस्चार्ज मागू शकतो. मर्जीविरुद्ध ठेवायचंच झालं तर त्याची पद्धत आहे, दोन तज्ज्ञांनी वेगवेगळं तपासायचं, त्यातला एक सायकिॲट्रिस्ट पाहिजे, आणि तेही आधी ३० दिवसांपर्यंतच. साखळीने बांधायला पूर्ण बंदी, जबरदस्तीने टक्कल करायलाही. आता हे कागदावर आहे आणि सगळीकडे पाळलं जातं असं मी म्हणणार नाही, म्हणूनच मी लोकांना सांगते की नोंदणीचा कागद बघायला मागा आणि न सांगता एकदा जाऊन या. दाखवायला तयार असलेली खोली बघू नका, जेवायच्या वेळेला जा आणि आत राहणाऱ्या लोकांचे चेहरे बघा. पहिला महिना फोन नाही भेट नाही, घरच्यांनी यायचंच नाही असं म्हणणाऱ्या जागेबद्दल मला तरी शंका येते.

दुसरा फोन यादीतल्या नवव्या नंबरला. ६० पैकी ३१ मार्क, एसी नाही, खोलीत सहा जण, बडोद्यापासून दीडेक तासावर, सरकारी अनुदानावर चालणारं. एका बाईंनी उचलला, मागे कुकरची शिट्टी वाजत होती. तोच प्रश्न विचारला तर म्हणाल्या, फिट येऊन गेलीय? मग आधी आमच्याकडे आणू नका. आमचा डॉक्टर दिवसा येतो, रात्री नाही. आधी दवाखान्यात ते आठ-दहा दिवस काढा, डिस्चार्जचा कागद घेऊन या, मग आम्ही बघतो. आणि पेशंटशी माझं एकदा फोनवर बोलणं करून द्या. मी विचारलं गॅरंटी किती टक्के, तर हसल्या. "बेन, गॅरंटी फ्रीजला असते."

काका बराच वेळ वहीकडे बघत बसले. गॅरंटीच्या रकान्यात या सेंटरला त्यांनी शून्य दिलं होतं.

मग खरी भीती बाहेर आली. सयाजी हॉस्पिटलमध्ये नेलं तर पोलिसात कळवतील का? दारूचं परमिट नाही, पिणं हाच गुन्हा, मुलाची नोकरी जाईल. बडोद्यात ही भीती मी इतक्यांदा ऐकलीय, आणि या एका भीतीपायी लोक सरकारी हॉस्पिटल सोडून कुठल्यातरी शेतातल्या बंद दाराच्या सेंटरला जातात. तर, उपचाराला आलेल्या माणसाची माहिती गुप्त ठेवणं हा त्याच २०१७ च्या कायद्यातला पेशंटचा हक्क आहे. अपघात-मारामारी करून आलात तर पोलीस केस होईल, ते वेगळं, पण ओपीडीत जाऊन 'मी रोज पितो, मला सोडायचीय' म्हणणाऱ्याला पोलिसात दिलेलं मी माझ्या इतक्या वर्षांत पाहिलेलं नाही. सयाजीचा मानसोपचार विभाग आहे, कारेलीबागेत सरकारी मानसिक आरोग्याचं हॉस्पिटल आहे, राज्यात अशी चारच आहेत, बडोद्याशिवाय अहमदाबाद, जामनगर आणि भूज. त्या 'मेंटल' नावाला लोक बिचकतात हे मला कळतं, पण रात्री दोन वाजता तिथे डॉक्टर असतो. सरकारी मदतीची सेंटर शोधायची असतील तर १४४४६ ही व्यसनमुक्तीची हेल्पलाइन आहे, आणि नुसतं बोलायचं असेल तर टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६, दोन्ही फुकट, घरच्यांनी फोन केला तरी चालतो.

काकूंचे दोन मुद्दे होते. एक म्हणजे पुण्याचं मुक्तांगण व्यसनमुक्ती केंद्र, कारण बहिणीच्या दिराला तिथे गुण आला. मुक्तांगणबद्दल मला आदरच आहे, १९८६ पासूनचं काम, आणि मराठीत मन मोकळं करता येतं ही काही छोटी गोष्ट नाही. पण मी विचारलं, परत आल्यावर काय? दर पंधरा दिवसांनी पुण्याला फॉलोअपला कोण नेणार, शिफ्ट ड्युटीवाल्या माणसाला? समीर मराठी घरातला असला तरी मित्र गुजराती, शिव्या गुजराती, त्याला गुजराती ग्रुपमध्ये बसायला काही अडचण नव्हती. दुसरा मुद्दा त्यांनी काका बाथरूमला गेल्यावर सांगितला. कुरियरने एक पावडर मागवली होती, डाळीत घालायची, पिणाऱ्याला कळत नाही म्हणे. मी हात जोडले. अशा पावडरीत काय असतं देव जाणे, आणि दारू अंगाला सोसू न देणारं डायसल्फिराम असलं तर त्यावर प्यायलं की बीपी पडतं, छाती धडधडते, जिवावर बेततं. डॉक्टर ते औषध देतात, पण पेशंटला सांगून, त्याच्या संमतीने. काकू म्हणाल्या दोनदाच घातली. मग म्हणाल्या, तिसऱ्यांदा घालताना हात थरथरला म्हणून नाही घातली.

पुढच्या बुधवारी समीर एकटा आला. मी त्याला वहीबद्दल सांगितलं नव्हतं पण त्याला माहीत होतं, सहा महिन्यांपासून. "रात्री पप्पा झोपले की बघायचो, आज कोणाला किती मार्क दिले." त्याला दोनच अटी होत्या, कुलूप नको, आणि कारखान्यात पप्पांनी फोन करायचा नाही, तो स्वतः रजा टाकणार. त्याच्या एका मित्राला गाडीत घालून नेलं होतं, परत आला तेव्हा पाठीवर वळ होते आणि आठवड्यात पुन्हा प्यायला लागला. सात महिने ११ जागांची तुलना चालली, आणि ज्याला जायचं त्याच्या या दोन अटी विचारायला पाच मिनिटं लागली असती. मी काकांना दोष देत नाही, वहीत आकडे भरताना आपण काहीतरी करतोय असं वाटतं आणि मुलासमोर बसायची वेळ पुढे ढकलता येते. मी त्यांच्या जागी असते तर कदाचित एक्सेल केलं असतं.

मग ९ दिवस सरकारी वॉर्ड. तिसऱ्या रात्री त्याला खिडकीत माकडं दिसली, सिस्टर आणि डॉक्टरनी सांभाळलं, फिट आली नाही. नंतर ३१ मार्कवाल्या सेंटरला एक महिना, सहा जणांच्या खोलीत. पुढे वर्षभर फॉलोअप, पिण्याची तलफ कमी करायची गोळी, आणि दर रविवारी घरच्यांचा ग्रुप. काकू न चुकता जायच्या. काका गेटपर्यंत सोडायचे आणि रिक्षात पेपर वाचत बसायचे. "मला काय झालंय ग्रुपला बसायला?"

नऊ महिने गेले आणि उत्तरायण, म्हणजे संक्रांत आली. गच्ची, पतंग, उंधियू, वरच्या टाकीमागे बाटली. समीर तीन दिवस प्यायला.

काका वही घेऊन माझ्याकडे, तोंड उतरलेलं. त्या सेंटरवर काट मारायची होती, दुसऱ्या नंबरवालं अहमदाबादचं बघू म्हणाले, महिना ४५,००० गेले तरी चालतील. मी म्हटलं काट मारा, पण आधी मला सांगा, १७ तारखेला सकाळी काय झालं? तर सकाळी हात थरथरायला लागल्यावर समीरने स्वतःच सेंटरच्या त्या बाईंना फोन लावला होता. त्यांनी दुसऱ्या रिंगला उचलला, ओरडल्या नाहीत, म्हणाल्या एकट्याने घरात बंद करून बसू नकोस, आधी वॉर्डात जा, कागद जवळ आहे ना? तो रिक्षा करून गेला आणि घरी दुपारी कळवलं. दीडेक वर्षापूर्वीच्या श्रावणात याच माणसाला घरात फिट आली होती.

काकांनी लाल पेनाचं टोपण काढलं, परत लावलं. वही रुमालात गुंडाळली. जिन्यापर्यंत गेले आणि तिथून वळून विचारलं, "तो रविवारचा ग्रुप, दहाला असतो का साडेदहाला?"