नळ घट्ट बंद करूनही गळतो. प्लंबरशिवाय दुरुस्त होईल का?

होईल. जुना, दोन-तीन वळसे फिरणारा नळ असेल तर आतला वायसर, म्हणजे पाणी अडवणारी चकती, झिजलाय. आधी कॉक, म्हणजे नळाकडे येणारं पाणी बंद करायची चावी, बंद करा. चाळीत स्वतंत्र कॉक नसेल तर पाणी गेल्यावरच काम काढा, आणि शेजाऱ्यांना सांगून ठेवा. पान्याने वरचा भाग सोडवा. जुना वायसर सोबत घेऊनच हार्डवेअरच्या दुकानात जा, अंदाजाने आणलेला हमखास चुकतो. अर्ध्या वळशात बंद होणाऱ्या नळात वायसर नसतो, तिथे आतला स्पिंडल, म्हणजे मुठीसोबत फिरणारा भागच, बदलावा लागतो.

गळती भिंतीजवळच्या आट्यांतून असेल तर नळ काढून जुनी टेप खरवडा. नवी टेफ्लॉन टेप आट्यांचं तोंड आपल्याकडे धरून घड्याळाच्या दिशेने ताणून गुंडाळा. उलटी गुंडाळली की नळ बसवताना सुटते. बहुतेकांचं इथेच फसतं. भिंतीच्या आतून ओल येत असेल तर मात्र प्लंबरच बोलवा.