दिवे वर, ॲव्हरेज खाली?

प्रश्न : काकांनी परदेशातून आणलेली 1991 ची माझ्दा एमएक्स-5 आता माझ्याकडे आहे. रात्री पॉप-अप, म्हणजे एरवी बॉनेटमध्ये लपलेले हेडलाइट वर आले की गाडीला वारा अडतो आणि ॲव्हरेज पडतं, असं मित्र सांगतात. खरंच किती पेट्रोल जातं? (वाचक, मुलुंड)

उत्तर : मित्र चुकत नाहीत, पण तुमची गाडी कुठे आणि किती वेगानं धावते यावर सगळं आहे. दिवे मिटलेले असताना या गाडीचा ड्रॅग गुणांक (आकारामुळे हवा किती अडते याचं माप) साधारण 0.38 आणि समोरून दिसणारं क्षेत्रफळ अंदाजे 1.7 चौरस मीटर. उठलेला प्रत्येक दिवा म्हणजे वाऱ्यासमोर उभी केलेली सुमारे 20 बाय 12 सेंटिमीटरची पाटी. अशा सपाट पाटीचा गुणांक 1.15 च्या आसपास धरला, तर दोन्ही मिळून गाडीचा हवेचा अडथळा आठ-साडेआठ टक्क्यांनी वाढतो.

ताशी 100 किलोमीटरला हा जादा अडथळा 25 न्यूटनच्या घरात जातो. इंजिन पेट्रोलमधल्या ऊर्जेपैकी 28 टक्के कामाला लावतं असं मानलं, तर 100 किलोमीटरला पाव लिटरहून थोडं जास्त, सुमारे 280 मिली जादा पेट्रोल लागतं. लिटरला 15 देणारी गाडी 14.4 देईल. अटल सेतूवर किंवा पुण्याच्या एक्स्प्रेस-वेच्या सपाट भागात हा हिशेब लागू पडतो. शहरात ताशी 25 ला वेग चौपटीनं कमी, म्हणून अडथळा सोळा पटींनी कमी. 100 किलोमीटरला जेमतेम 17 मिली. कोस्टल रोडच्या बोगद्यात दिवे लावावे लागतात, पण तिथं मर्यादाच 60 ची आहे.

मित्रांनी न सांगितलेली गोष्ट आता ऐका. 55 वॉटचे दोन हॅलोजन बल्ब आणि मागचे-पुढचे छोटे दिवे मिळून 135 वॉट खातात. अल्टरनेटरची (इंजिनवर चालून वीज बनवणाऱ्या यंत्राची) गळती धरली तर इंजिनवर 235 वॉटच्या आसपास भार येतो, आणि तो वेळेवर चालतो, अंतरावर नाही. ट्रॅफिकमध्ये 100 किलोमीटर कापायला चार तास लागले, तर या विजेपायी 380 मिली पेट्रोल गेलं! ताशी 70 पर्यंत वीज महाग, त्यापुढे वारा महाग. अर्थात, म्हणून रात्री दिवे मालवून फिरू नका.

टाकी फुल करून हा फरक मोजायला जाल तर फसाल. ताशी 80 ला समोरून 15 चा खारा वारा आला की हवेचा अडथळा 40 टक्क्यांनी वाढतो. त्यात दिव्यांचे आठ टक्के कुठे दिसणार?

प्रश्न : पावसाळ्यात माझ्या गाडीचा एक दिवा अर्धाच उठतो, कधी खालीवर नाचत राहतो. (वाचक, दादर)

उत्तर : बहुतेक जपानी गाड्यांत दिव्याची मोटर एकाच दिशेनं फिरते : अर्धा फेरा वर, अर्धा खाली. कुठे थांबायचं हे आतली तांब्याची संपर्कपट्टी ठरवते. तिच्यावर हिरवा गंज चढला की मोटरला थांबा कळत नाही आणि दिवा नाचतो. अर्ध्यात अडकत असेल, तर सांध्यातलं वाळलेलं ग्रीस, झिजलेला बुश (सांध्यातली छोटी नळी) किंवा तापलेला रिले (मोटरची वीज चालू-बंद करणारा स्विच) बघा.

आधी मोटरचा फ्यूज काढा. हे विसरून आत हात घातला आणि दिवा अचानक उठला, तर बोट चिरडेल. मग बॉनेट उघडून मोटरवरची रबरी टोपी काढा आणि खालची घुंडी हातानं फिरवून दिवा पूर्ण वर आणा. सांधे ब्रशनं साफ करून कोरडे करा, लिथियम ग्रीसचा पातळ थर द्या. नुसता गंज सोडवणारा स्प्रे मारून भागवू नका. तो दोन सरींत धुऊन जातो. ताशी 80 नंतर उजेड थरथरत असेल, तर बुश बदलायची वेळ झाली. मोटर उघडायचीच असेल तर पट्टी बारीक पॉलिश पेपरनं घासून घ्या. झाकणाची रबरी गॅस्केट मात्र नवी घाला, नाहीतर पुढच्या जूनमध्ये पुन्हा हेच.

दुरुस्ती होईपर्यंत दिवे वर आणून फ्यूज काढलेलाच ठेवा. बल्बची वायरिंग सहसा वेगळी असते, त्यामुळे उजेड मिळतो. शहरातल्या वेगाला त्याचा खर्च वर दिलाच आहे.

प्रश्न : मग एलईडी बल्ब टाकून वीज वाचवावी का? (वाचक, ठाणे)

उत्तर : हॅलोजनच्या परावर्तकात नको. फिलामेंटच्या जागी बसलेली चिप नेमकी त्या बिंदूवर नसते, झोत फुटतो आणि समोरच्याच्या डोळ्यांत जातो.

प्रश्न : हे दिवे आले कशासाठी आणि बंद का झाले? (वाचक, विलेपार्ले)

उत्तर : अमेरिकेत हेडलाइट जमिनीपासून किमान 22 इंच वर हवा, आणि 1983 पर्यंत तिथं ठरावीक आकाराचेच सीलबंद दिवे चालत. नाक खाली झुकलेल्या गाडीत ते बसवायचे तर लपवायचे आणि गरजेला उचलायचे. पुढे हव्या त्या आकाराचे दिवे मंजूर झाले, भिंगातून झोत टाकणारे छोटे प्रोजेक्टर दिवे आले. युरोपात पादचाऱ्याला लागतील अशा बाहेर आलेल्या कडांचे नियमही कडक झाले. मोटर, सांधे आणि वजन कशाला वागवायचं? शेवर्ले कॉर्व्हेट सी5 आणि लोटस एस्प्रिट या शेवटच्या दोन गाड्या 2004 मध्ये थांबल्या.