येशूवर रागावले तर चालेल का?

"आठ महिन्यांपूर्वी माझे यजमान गेले. अजूनही पहाटे सवयीने दोन कप चहाचं आधण ठेवते, मग एक कप पाणी मोरीत ओतते आणि तिथेच येशूशी भांडते. महिला मंडळात बाकीच्या साक्ष देतात, प्रभू माझ्याशी बोलला म्हणून. माझ्याशी तो बोलत नाही. जाऊबाई म्हणतात, तुझा विश्वास कमी पडतो. मी त्याची राहिले नाही का?"
– एक भगिनी, अहिल्यानगर

ताई,
आठ महिने रोज पहाटे तुम्ही ज्याच्याशी भांडताय, तो तुम्हाला परका कसा झाला असेल?

योहानाच्या शुभवर्तमानाचा अकरावा अध्याय काढा. येशूचा मित्र लाजर आजारी असल्याचा निरोप त्याच्या बहिणींनी, मार्था आणि मरियेने, धाडला, तरी येशू आणखी दोन दिवस होता तिथेच राहिला. तो त्यांच्या गावी, बेथानीला, पोचला तेव्हा लाजराला कबरेत ठेवून चार दिवस झाले होते. मार्था गावाबाहेरच त्याला गाठते आणि तोंडावर सांगते, तुम्ही इथे असता तर माझा भाऊ मेला नसता. मागून मरिया येते, तीही तेच बोलते. 'चालती हो' असं तो दोघींपैकी एकीलाही म्हणाला नाही. मरियेला रडताना पाहून तो स्वतः रडला. लाजराला आपण मरणातून उठवणार आहोत हे ठाऊक असूनही रडला! मला त्या चमत्काराइतकेच हे अश्रू मोलाचे वाटतात. तुमच्या दारी तसा चमत्कार झाला नाही, हे मी झाकून बोलणार नाही. पण ते अश्रू तुमच्यासाठीही आहेत, असं मी मनापासून मानते.

तुमच्या नगरात वर्षानुवर्षं राहिलेले ख्रिस्ती कवी रेव्हरंड टिळक ख्रिस्ताला गुरुमाउली म्हणत. रुसलेलं लेकरू आईचं राहत नाही का?

मंडळातल्या साक्षी खऱ्या असतील. त्यांच्याशी स्वतःला ताडून पाहू नका. जाऊबाईंना एवढंच सांगा, 'मला सल्ला नको, घटकाभर जवळ बसा.' झोप, जेवण तुटलं असेल तर डॉक्टरांना दाखवा, त्यात विश्वासाला कमीपणा नाही. आणि स्वतःचे शब्द सुचेनात तर बायबलातलं तेरावं स्तोत्र मोठ्याने वाचा. सहाच वचनं आहेत, सुरुवातच 'कुठवर?' या तक्रारीने होते.

उद्या आधण जास्त झालं तर ओतू नका. चहा करा, दोन्ही कप भरा, आणि यजमानांचं नाव घेऊन येशूला काय ते सुनवा.