फुलपात्र मोजून बघ

प्रिय मुली,

काल तुझा फोन आला तेव्हा मी दिवेलागणीच्या गडबडीत होते, म्हणून नीट बोलता आलं नाही. पण तुझा प्रश्न रात्रभर डोक्यात राहिला. गृहभेटीला गेलीस, त्या घरातल्या आजींनी विचारलं, "बाई, पोरगी वर्षाची झाली, आता दूध किती द्यायचं?" आणि तू म्हणालीस, "पिईल तेवढं द्या की." नंतर तुलाच चुटपुट लागली म्हणून मला फोन केलास. बरं केलंस. नोकरीची पहिली कितीतरी वर्षं मीही हेच उत्तर देत होते, आणि त्याचं काय झालं ते तुला सांगायलाच हवं. पत्र जरा लांबेल.

आधी आकडा सांगते. वर्ष पूर्ण झालेल्या बाळाला दिवसभरात मिळून 400 ते 500 मिली वरचं दूध पुरतं. अर्ध्या लिटरची पिशवी डोळ्यांसमोर ठेव, त्याच्या वर जायचं नाही. वाटीभर दही खाल्लं, खीर खाल्ली, तर तेही त्यातच धरायचं. आई अजून अंगावर पाजत असेल तर फारच छान, दोन वर्षांपर्यंत आणि पुढेही पाजू दे. दिवसातून तीन-चार वेळा नीट पिणाऱ्या बाळाला वरून आणखी अर्धा लिटर पाजायची काही गरज नसते. तिथे एखादा कप दूध किंवा वाटीभर दही दिलं तरी चालतं. आणि वर्षाच्या आतल्या बाळाला गाई-म्हशीचं दूध मुख्य अन्न म्हणून द्यायचंच नाही. त्या वयात गाईच्या दुधाने आतड्यातून अगदी थोडं थोडं रक्त जाऊ शकतं, ते डोळ्यांना दिसतही नाही.

आता 400-500 च का, ते समजून घे, म्हणजे घरोघरी पाठ केल्यासारखं बोलावं लागणार नाही. एक ते तीन वर्षांच्या मुलाला दिवसाला 500 मिलिग्रॅम कॅल्शियम लागतं. शंभर मिली दुधातून साधारण 120 मिळतं. म्हणजे चार-सव्वाचारशे मिलीत दुधाचं काम झालं. त्यापुढचं दूध हाडांना जास्तीचं काही देत नाही, फक्त पोटात जागा अडवतं. त्यात आपल्याकडे म्हशीचं दूध. लिटरभर म्हशीच्या दुधात हजाराच्या वर कॅलरी असतात, आणि एवढ्याशा लेकराची दिवसभराची गरजच मुळी हजाराच्या आतबाहेर. लिटरभर प्यालेलं पोर वरणभाताकडे बघेल तरी कसं? मग आई तक्रार करते, "काहीच खात नाही हो, दुधावरच आहे बिचारं." आणि खात नाही म्हणून आणखी एक बाटली भरते.

दुधात लोह नसल्यासारखंच असतं. या वयाला दिवसाला 8 मिलिग्रॅम हवं, आणि लिटरभर दुधात ते दीड मिलिग्रॅमच्याही वर जात नाही. जे असतं ते अंगी लागत नाही. शिवाय दुधातलं कॅल्शियम दुसऱ्या अन्नातलं लोहही नीट शोषू देत नाही. 2019-21 च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातल्या सहा महिने ते पाच वर्षांच्या मुलांपैकी 68.9 टक्के मुलांमध्ये रक्त कमी आढळलं. त्याची कारणं बरीच आहेत, सगळा दोष दुधाचा नाही. पण दुधाळ जनावरं असलेल्या आपल्या पट्ट्यात हे कारण हमखास सापडतं, आणि कुणी शोधत नाही.

मीही शोधलं नव्हतं. तेव्हा मी मुख्यसेविका, म्हणजे अंगणवाड्यांची पर्यवेक्षिका, होऊन थोडेच दिवस झाले होते. एका गावात तीन म्हशी असलेलं घर. दारात दुधाचा कॅन, खुंटीला डेअरीचं पासबुक, आणि ओसरीवर आजीच्या मांडीत सव्वा वर्षाचा नातू, गालाला बोट लावलं तर आत जाईल असा गुबगुबीत. वजन घेतलं की वाढीच्या तक्त्यावर ठिपका हिरव्या पट्ट्यात. मी त्या आजींना म्हटलं, "आजी, पोर ठेवावं तर असं." अंगणवाडीत दुसऱ्या आयांना त्याचं उदाहरण दिलं. तीन-चार वेळा त्या घरी गेले असेन. एकदा तो पोरगा भिंतीचे पोपडे काढून तोंडात घालत होता. मी हसून म्हटलं, "आजी, लक्ष ठेवा, माती खातोय." आणि निघून आले.

दीड वर्षाचा झाल्यावर त्याला ताप आला आणि तो मलूल पडून राहिला. दवाखान्यातून मोठ्या दवाखान्यात नेला. हिमोग्लोबिन पाचाच्याही खाली. रक्त चढवावं लागलं. मी भेटायला गेले तेव्हा डॉक्टर त्याच्या आईला विचारत होते, "दूध किती पितो?" ती म्हणाली, "पाच बाटल्या. रात्रीच्या दोन धरून." अडीचशे मिलीची बाटली. सव्वा लिटर! हा प्रश्न आमच्यापैकी एकीनेही, एकाही भेटीत विचारला नव्हता. मी कॉटच्या कडेला उभी होते आणि त्या पोराचा तळहात बघत होते. कागदासारखा पांढरा होता. तो माझ्यासमोर महिनोन्महिने तसाच असणार. पोर बरं झालं, आता तो कॉलेजात जातो, पण तो हात मी विसरले नाही.

म्हणून सांगते, काट्यावर वजन हिरवं आलं म्हणून वही मिटू नकोस. कुपोषण ओळखायला दंडाचा घेर मोजतो ना, दुधावर वाढलेलं पोर त्यातही पास होतं. खालची पापणी हलकेच ओढून बघ, आत लाली आहे का. त्याचा तळहात आईच्या नाहीतर तुझ्या तळहाताशेजारी धरून बघ. माती, राख, खडू, पोपडे खातो का, ते विचार, लोह कमी पडलेली पोरं असं खातात. शी घट्ट होते का, तेही विचार, कारण जास्त दुधाच्या पोरांना बद्धकोष्ठ हमखास होतं.

आणि दूध किती, हे विचारताना "किती देता?" असं विचारू नकोस. "फुलपात्रभर" असं उत्तर येईल आणि तू लिहून मोकळी होशील. फुलपात्रं सारखी नसतात. मी नंतर औषधाच्या बाटलीबरोबर येणारा मापाचा छोटा कप कायम पिशवीत ठेवायचे. आईला म्हणायचे, ज्यात पाजता ते भांडं आणा, पाणी घाला, मोजू. एका घरचं फुलपात्र 150 मिली निघालं, शेजारच्या घरचं 260. आईसमोर मोजलं की तिलाच कळतं, आपल्याला काही बोलावं लागत नाही. मग सकाळपासून क्रमाने विचारायचं: उठल्या उठल्या काय दिलं, अंघोळीनंतर काय, आई शेतावर गेल्यावर आजीने काय, झोपताना काय, रात्री रडलं तर काय. रात्रीचं दूध बायका मोजतच नाहीत. बिस्किट बुडवलेलं दूधही मोजत नाहीत. सगळं जोडलंस की खरा आकडा निघतो.

याच्या उलटं घरही तुला भेटेल. तिथे पावशेर दुधात पाणी घालून दिवसभर पुरवतात, नाहीतर चहाचंच दूध, त्यातच चपाती कुस्करून. त्या आईला 400 मिलीचा आकडा ऐकवून तिला ओशाळं करू नकोस. दूध थोडं असेल तर थोडंच द्या, पण पाणी न घालता, साय न काढता द्या, एवढंच सांग. दोन वर्षांपर्यंत सायीसकटच दूध हवं. चहा मात्र बंदच, त्याने आहे ते लोहही वाया जातं. कॅल्शियम नाचणीतूनही मिळतं, शंभर ग्रॅम नाचणीत तीनशेच्या वर मिलिग्रॅम असतं. नाचणीची पेज, तिळाची चटणी मऊ भातात कालवून, कोकणातल्या आयांसारखा थोडा जवळा बारीक करून. शेळीचं दूध देणारी घरंही आपल्याकडे आहेत. ते चालतं, पण त्यात फोलेट, म्हणजे रक्त तयार व्हायला लागणारं जीवनसत्त्व, कमी असतं, म्हणून पालेभाजी आणि डाळ पोटात जायलाच हवी.

आता ज्या घरी दूध जास्त आहे तिथे कमी कसं करायचं ते सांगते, कारण नुसतं "कमी करा" म्हटलं की आजी दुखावतात. दूध हा त्यांच्या घरच्या लक्ष्मीचा भाग असतो, त्याला आपण वाईट म्हटलं असं त्यांना वाटतं. मी त्यांना विचारायचे, "आजी, रेडकाला नुसत्या दुधावर किती दिवस ठेवता? वैरण कधी दाखवता?" त्या स्वतःच हसून उत्तर द्यायच्या. मग बोलणं सोपं होतं. आधी रात्रीची बाटली सोडवायची, तिने दातही किडतात. दोन-तीन रात्री रडेल, घरच्यांना तशी कल्पना देऊन ठेव. बाटलीऐवजी पेला किंवा वाटी-चमचा. पेल्याने पोर आपोआप कमीच पितं. भूक लागली की आधी जेवण, दूध नंतर. भरवताना मऊ भात, घट्ट वरण, मटकी किंवा मसूर, मेथीची भाजी बारीक करून, वरून लिंबू पिळून. खात असतील तर अंडं, आठवड्यातून एकदा कलेजीचा तुकडा कुस्करून. दिवसातून तीन-चारदा जेवण आणि मध्ये एखादं फळ. पहिला आठवडा वजन जागचं हललं नाही तरी घाबरू नका, असं आधीच सांगून ठेव, नाहीतर आजी पुन्हा बाटलीकडे वळतात.

आपल्या कोल्हापूर भागात आणखी एक गोष्ट सांभाळावी लागते. गंगावेशीत उभं राहून धारोष्ण दूध पिणारी आपली माणसं, त्यांना निरसं दूधच खरं दूध वाटतं. मोठ्यांचं मोठे बघतील, पण बाळाला निरसं दूध कधीच नाही. त्यातून क्षयाचे, माल्टा तापाचे जंतू जाऊ शकतात. नीट उकळी आणून, कोमट करून, आणि साखर न घालता द्यायचं.

लोहाचं सिरप आशाताईंकडे असतं. सहा महिन्यांपासून पाच वर्षांपर्यंत आठवड्यातून दोनदा, दर वेळी 1 मिली. काही घरी ते फळीवर तसंच पडलेलं दिसेल, नाहीतर दुधातून दिलेलं. दुधातून द्यायचं नाही, जेवणानंतर द्यायचं. शी काळी होते, त्याला घाबरून बंद करतात, ते आधीच बोलून ठेव. आणि पापणी-तळहात फिके दिसले तर सिरपवर विसंबून राहू नकोस. प्राथमिक आरोग्य केंद्रात पाठव आणि रक्त तपासलं का, ते दुसऱ्या दिवशी स्वतः विचार. शाळा-अंगणवाडी तपासणीचं पथक येईल तेव्हा बघू, म्हणून थांबू नकोस.

कालच्या त्या आजींकडे या आठवड्यातच परत जा. "मी त्या दिवशी घाईत सांगितलं, आज नीट सांगते," असं म्हण. त्यात कमीपणा नाही. गावात आपलं ऐकतात ते आपण परत येतो म्हणून. भांडं मोजून ये, पोरीचा तळहात बघून ये, आणि मला सातनंतर फोन कर. दिवा लावून मी मोकळी असेन.

तुझी,
मॅडम